रोज अर्धा तास

अंबरनाथच्या धर्मादाय दवाखान्यात, माझ्या शेजारच्या बाकावर दोघी नंबराची वाट पाहत होत्या. एक बदलापूरकडची म्हातारी, दुसरी काडेपेटीच्या कारखान्यातून सुटून थेट आलेली.

"पंपाशी पाणी उडवतेय ती तुझी का गो?"

"माझीच, आवडी नाव तिचं. आत्ता इथं होती."

"काय होतंय तिला?"

"एका जागी बसत नाही, मावशी. मास्तर म्हणतात, अशीच राहिली तर नाव काढून टाकू. दर गुरुवारी मुंबईहून डॉक्टरीणबाई येतात ना, पोरांचं वागणं बघणाऱ्या, त्यांना दाखवलं."

"औषध दिलं?"

"औषध नाही. म्हणाल्या, रोज अर्धा तास पोरीजवळ नुसतं बसायचं. काम नाही, ओरडणं नाही. ती बोलेल ते ऐकायचं."

"सोपं आहे की."

"सोपं कुठलं? पहाटे चारपासून उभी असते मी. बसले की डोळे मिटतात. महिना झाला, तिचं एक बोलणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. आज बाईंना काय तोंड दाखवू?"

"तू झोपलीस की ती कुठं हुंदडते?"

"कुठं जाणार? माझं डोकं तिच्याच मांडीवर असतं."

"अर्धा तास?"

"कधी तासभरसुद्धा. मला जाग येते तेव्हा तिच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, उभं राहवत नाही तिला. बाईंना विचारते, त्यावर तरी काही औषध देतात का."