पुराची रंगीत तालीम

२००७ चा मे महिना. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरसाठी रांग लागली होती. माझ्या शेजारी गोदाकाठच्या एका गावातलं म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर हळदीचा लेप होता.

"कोतवालानं आदल्या दिवशी सांगितलं होतं ना? मंत्रालयातून हुकूम हाय, उद्या गावात पुराची रंगीत तालीम."

"मला तालीम एवढंच ऐकू आलं. म्हटलं, पोरांच्या कुस्त्या असतील."

"कुस्त्यांना भोंगा वाजवतात का?"

"भोंगा वाजला तव्हा मी झेंडूला पाणी भरत होतो. कोणी तरी ओरडलं, नवसाबाईला नदीतून काढलं. पळताना बांधावरून पडलो, तसाच उठलो."

"अहो, मला नुसतं बुडालेली म्हणून निजवलं होतं. साहेब म्हणले, डोळे उघडायचे नाय."

"मी किती हाका मारल्या."

"ऐकल्या ना. पण साहेबांनी सांगितलेलं. मग तुमचं रडणं ऐकलं अन् उठून बसले."

"तालीम मोडली म्हणून साहेब चिडले."

"चिडू द्या. लय दुखतंय का?"

"नाय. पावसाच्या आधी तालीम परत घेणार हायेत म्हणे. या खेपेला मी निजतो, तू ये पळत."

"मला तर ठाऊक असंल, सगळं खोटं हाय."

"मग नाय येणार?"

"येईन की. पण साहेब काय बी म्हणू द्या, तुम्ही पहिल्या हाकेला डोळे उघडायचे."