अर्धं राहिलेलं डोहाळजेवण

चांगुणा एसटीत कुणाचं बोलणं ऐकायची नाही. पण पुढच्या बाकावरच्या, मांडीवर तान्हं घेतलेल्या आजीचा आवाजच असा होता, की सायखेड्यापर्यंत कान झाकून भागणार नव्हतं. शेजारीण विचारत होती, आजी सांगत होती.

"सातव्यात डोहाळजेवण केलं. सून झोपाळ्यावर, अंगभर आमच्याच मळ्यातली फुलं. बायांचं गाणं चाललेलं, अन् एकदम लुगडं ओलं. बाया पदराआड हसल्या."

"लघवी झाली आसंल."

"तीबी तेच म्हनली, लाजून आत पळाली. म्या लुगडं हुंगलं. लघवीचा वास नाय. तशीच फुलांसकट टेम्पोत घातली अन् नाशकाला नेली."

"डॉक्टरीण काय म्हनली?"

"त्या पाण्याला तपासायचा कागद लावला, तो निळा झाला. म्हनली, बाळाभोवतीची पाणमोट फुटलीय. पण कळा नाय, ताप नाय, तर बाळ जितकं आत राहील तितकं बरं. निजवून ठिवली, सुया दिल्या, नर्सा रोज ताप बघायच्या."

"मग?"

"आठवा सरला, तवा ही झाली. बघ, मूठ कशी आवळतीय."

"आता बारसं जोरात करा."

"बारसं मागून. आधी डोहाळजेवण पुरं करायचं. झोपाळा म्या अजून सोडला नाय. गाणं अर्धं राह्यलंय, अन् ज्या हसल्या त्याच म्हननार हायेत."