एका वाचकाचं हवामान

(दुपार. जेवणाचं टेबल. बाबांचा फोन लेकीच्या हातात, स्पीकर चालू.)

लेक: विषय बदलू नका, बाबा. हे तापमानाचं काय आहे? दर दहा मिनिटांनी फोन कोकलतो.

बाबा: कोकलू दे. तुझ्या कानाशी थोडाच आहे!

लेक: आठवडाभर राहायला आलेय, कानाशीच आहे. नको ते सगळं बंद करून दे, असं काल तुम्हीच म्हणालात ना? म्हणून तर हा एआय मदतनीस कामाला लावलाय. बोला हो, पुढचं काय?

मदतनीस: पुढची वर्गणी. एका घराच्या गच्चीवरच्या यंत्राचं तापमान, ब्लॉकचेनवरून येतं. रद्द करू?

बाबा: अहो, थांबा जरा. घाई कसली? पाणीबिणी घ्या.

लेक: बाबा, तो प्रोग्राम आहे.

बाबा: असू दे. कामाला आलेल्याला पाणी विचारावं.

लेक: अख्खा जन्म कारखान्यात बॉयलर सांभाळलात. आता निवृत्त झालात, तर परक्याच्या गच्चीवरची थंडी कशाला मोजताय?

बाबा: सवय गं. आकडा बघितल्याशिवाय घास उतरत नाही.

लेक: मग आपल्या गच्चीवरचा बघा की. मदतनीस, कुणाची गच्ची आहे हो ही?

मदतनीस: मालकाचं नाव नोंदलेलं आहे. वाचू?

बाबा: काही गरज नाही!

लेक: बाबा... दादाची गच्ची आहे?

बाबा: चहा टाकतेस का जरा?

लेक: दोन वर्षं झाली, दादाचं नाव काढलं की ताटावरून उठता. आणि इकडे हे!

बाबा: त्याच्याशी बोलत नाही म्हणून त्याच्याकडची हवासुद्धा विचारू नये की काय? आणि त्याला कुठे कळतंय? मी खोटं नाव दिलंय.

लेक: कोणतं?

बाबा: बॉयलरवाला.

लेक: वा! काय पण वेषांतर! आता कोण ओळखणार तुम्हाला?

मदतनीस: माफ करा. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांची सामाईक नोंदवही, तिथला सगळा कारभार उघड्यावर असतो. कोण वाचतंय, हे मालकालाच काय, कुणालाही दिसतं.

लेक: म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पीत होतं!

बाबा: गप बस. काय हो, म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून...?

मदतनीस: दिसत असणार. या यंत्राला वाचक एकच आहे.

बाबा: एकच? मग तो चालू तरी कशाला ठेवतो?

मदतनीस: कारण नोंदलेलं नाही, बदल नोंदलेले आहेत. आधी आकडा तासाला एकदा यायचा. तुम्ही वाचायला लागल्यावर मालकाने तो दहा मिनिटांवर आणला. गेल्या हिवाळ्यात आतल्या खोलीचं तापमानही जोडलं.

बाबा: ते मी मागितलं नव्हतं. मला वाटलं, यंत्रच सुधारलं.

लेक: बाबा, तो घर सोडून निघाला तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? मी सांगू?

बाबा: नको. माझ्या लक्षात आहे. 'तिकडे गारठशील, तेव्हा बापाच्या घरची ऊब आठवेल.' कारखान्यातली नोकरी मिळवून दिली होती गं त्याला. ती सोडून चालला, म्हणून तोंडातून निघून गेलं. फार वाईट बोललो.

लेक: आणि तो बापडा वर्षभर तुम्हाला कळवतोय, की खोलीत ऊब आहे. तोंडाने बोलायचं सोडून आकडे धाडतो. कुणावर गेलाय कोण जाणे!

बाबा: तुझ्या आईवर.

लेक: अगदी! आईच तर बॉयलर सांभाळायची.

मदतनीस: वर्गणी रद्द करू, की राहू दे? रद्द केल्यास मालकाला सूचना जाईल.

बाबा: काय म्हणून?

मदतनीस: 'बॉयलरवाला यांनी वाचणं थांबवलं आहे.' एवढीच.

बाबा: एवढीच? अहो, पोरगा घाबरेल! त्याला वाटेल, म्हातारा खपला.

लेक: मग राहू दे?

बाबा: नाही, रद्दच करायचं. बापाने असं भिंतीला कान लावून बसणं बरं नव्हे. पण मदतनीस, तुम्ही जरा दम धरा. बये, आधी त्याला फोन लाव.

लेक: मी?

बाबा: लाव गं. माझ्या बोटांना नंबर सापडत नाही आज.

लेक: बरं. वाजतोय... उचलला. घ्या.

बाबा: हॅलो... हं, मीच. खोलीत बावीस आहे, ते दिसतंय रे मला. तू कसा आहेस?