गाबलू, पाणी किती वाजता?

...नाव सांगा म्हणे, नाव! अहो, मी काय बालवाडीत नाव घालायला आलो होतो? तुम्हाला सांगतो, डोक्यावर केस होते तेव्हापासून मी हुगळीच्या काठावर बसून एकच काम करतोय, आणि मला फक्त पाणी किती वाजता येतं एवढंच सांगायचं होतं! नळाचं नाही हो, नळाचं कोण सांगू शकणार? नदीचं! बान! अमावास्या-पौर्णिमेला समुद्र उलटा आत घुसतो, पाण्याची भिंतच्या भिंत नदीतून वर चढत येते, घाटावर आरडाओरडा होतो, 'बान आला, बान आला', नावाडी होड्या सोडून मधल्या पाण्यात पळतात... तर ती भिंत कुठल्या घाटाला किती वाजता पोचणार, हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पायथनमध्ये. आणि बरोबर सांगतो! माझ्या पिशीला विचारा.

पिशी म्हणजे माझी आत्या. चंदननगरला एकटी राहते, गंगेत बुडी मारल्याशिवाय तोंडात चहाचा थेंब घालत नाही, आणि बान असला की आदल्या दिवशी तिचा फोन ठरलेला, 'पाणी किती वाजता रे?' मी सांगायचं, तिने त्याप्रमाणे आंघोळ उरकायची. जगात माझ्या संशोधनाचा उपयोग करणारी ती एकच व्यक्ती, आणि तिची कधी तक्रार नव्हती. मग कशाला हात दाखवून अवलक्षण करायला गेलो? पण नाही! मला लेख छापायचा होता. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात. आयुष्यात एकदा तरी तिथे 'निरुपम पाकडाशी, कोलकाता' असं छापून यावं, एवढीच इच्छा हो. पाठवला लेख. त्यांच्या परीक्षकाचं उत्तर आलं, 'महाशय, आपलं गणित सुंदर आहे. परंतु आपला प्रोग्रॅम माझ्या संगणकावर चालत नाही. तो पूजेचे फोटो नावाचं फोल्डर मागतो आहे. ते माझ्याकडे नाही.'

आता नसणारच! ते माझ्या घरच्या संगणकावर आहे! भरतीचे आकडे एकदा गडबडीत पूजेच्या फोटोंत ठेवले ते तिथेच राहिले, प्रोग्रॅमलाही तिथेच जायची सवय लागली, त्यात माणसाने एवढं हसण्यासारखं काय आहे? पण परीक्षक म्हणाला, याचं रीतसर पॅकेज करा, कुणालाही एका ओळीत आपल्या संगणकावर बसवता येईल असं, तरच लेख घेऊ. नाहीतर राम राम.

आमच्या संस्थेत मोहर म्हणून मुलगी पीएचडी करते. हुशार, पण भयंकर उत्साही. ती म्हणाली, 'निरुपमदा, घाबरता काय? साचा असतो ना! आयता साचा. तो चार प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरं द्यायची, की अख्खं पॅकेज तयार!' मी म्हटलं, वा! साचा म्हणजे आपला संदेश मिठाईचा असतो तसा, छेना दाबला की शंख बाहेर, मासा बाहेर. पण तुम्हाला सांगतो, संदेशचा साचा प्रश्न विचारतो का? 'तुझं नाव काय, तुझा हेतू काय' असं विचारतो का? मुकाट्याने शंख देतो! हा साचा नाही देत. पडद्यावर काळी चौकट उघडली, आणि पहिलाच प्रश्न... नाव!

मी म्हटलं, लिही, 'पाणी किती वाजता येतं'. तेवढ्यात मागून आवाज, 'छे छे छे!' गौरांगदा. गाळाचे तज्ज्ञ. नदीचा गाळ मोजतात, आणि उरलेला सगळा वेळ आमच्या खोलीत चहा पितात. 'निरुपम, हे नाव आहे की चौकशीची खिडकी? अरे, गंगेचं काम आहे! थोडा भारदस्तपणा पाहिजे. लिही मोहर... भागीरथीतरंगमालिका!' मोहर म्हणाली, 'गौरांगदा, हे टाईप कोण करणार?' 'ज्याला नदीबद्दल आदर आहे तो करील!'

झालं! अड्डा जमला. ग्रंथालयातून माणसं आली, हिशेब विभागातून आली, मुढी म्हणजे आपले मुरमुरे आले, तेलेभाजा म्हणजे गरम भजी आली, एकाने तर घरून बायकोने सुचवलेली नावं आणली. आणि साच्याचा नियम काय? जगात एका नावाचं एकच पॅकेज. 'बान' बघितलं, घेतलेलं. 'जोआर' म्हणजे भरती, घेतलेलं. 'गंगा', घेतलेलं, आणि आत काय, तर काही नाही! कुणीतरी नुसता रुमाल टाकून जागा धरून ठेवलीय! दुर्गापूजा आली, दुर्गापूजा गेली, चौकटीतला तो ठिपका आपला लुकलुकतोय... नाव? नाव? नाव? अहो, मला फक्त पाणी किती वाजता येतं एवढंच सांगायचं होतं!

मग मोहरच्या लक्षात आलं की साचा एक नाही, दोन नावं मागतोय. एक मोठं, छापायला, दाखवायला, त्यात गौरांगदांचं काय ते घाला. आणि दुसरं छोटं, बारीक अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. रोज कामाला बोलवायचं असेल तेव्हा ते छोटं टाईप करायचं. हे ऐकल्याबरोबर गौरांगदांनी मांडीवर थाप मारली, 'अरे, हा तर बंगाली साचा आहे! एक भालो नाम, एक डाकनाम!'

खोलीत काय आनंद झाला! साच्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली सगळ्यांना. कारण ही दोन नावं म्हणजे आमचा जीव की प्राण. चांगलं नाव दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर. आणि डाकनाम घरातल्यांनी हाक मारायला. ते असंच असतं, वाटेल ते, काहीतरी गोल, काहीतरी चिकट, तान्हेपणी तुम्ही जसे दिसत होता तसं. आणि ते काही झालं तरी घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही! कचेरीत तर नाहीच नाही. आमच्या संस्थाप्रमुख बिजोयादी, एवढ्या कडक बाई, त्यांचं डाकनाम काय हे कुणाला माहीत नाही, त्यांच्या नवऱ्याला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं म्हणतात. माझंही कुणाला माहीत नव्हतं. नोकरीला लागल्यापासून मी ते असं सांभाळलं होतं, असं सांभाळलं होतं... सहकाऱ्यांना पिशीच्या घरी कधी जेवायला नेलं नाही, लग्नात मित्रांची पंगत आणि नातेवाइकांची पंगत वेगवेगळी बसवली! का? तर माझी इथे जरा इज्जत आहे. निरुपमदा म्हणतात मला. चष्मा आहे मला.

तर आता छोटं नाव काय, यावर सगळे डोकं खाजवतायत, बिजोयादी स्वतः आल्यात, 'पाकडाशी, तुमचा लेख यायचा की नाही? आज नाव दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही', आणि एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. माझा मोबाईल बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आलं ना लक्षात?

मोहरने फोन उचलला. आणि मग ऐकतोय तर, 'कोण? ...नाही हो आजी, इथे त्या नावाचं कुणी नाही. ...नाही, खरंच नाही. ...गाबलू? गाबलू कोण?' आणि पिशीचा आवाज, तिला वाटतं चंदननगर ते कोलकाता आवाज आपण स्वतः पोचवायचा असतो, तो फोनमधून बाहेर, खोलीभर, 'अगं, गाबलू नाही कसा? तुमच्याकडेच तर नोकरीला आहे! आमचा गाबलू! निरुपम! त्याला विचार, गाबलू, पाणी किती वाजता?'

...

तुम्हाला सांगतो, तेलेभाजाचा घास तोंडात घेऊन अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी, हा असा, हाडं मोजून घ्या, आणि गाबलू! अहो, तेव्हा होतो मी गुबगुबीत! सहा महिन्यांचा असताना! मी फोन हातात घेतला, हळूच म्हटलं, 'सकाळी सातच्या आत आंघोळ कर', ठेवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बिजोयादी तेवढ्या म्हणाल्या, अगदी गंभीरपणे, 'मोहर, बघ गं, ते घेतलेलं आहे का?'

नव्हतं घेतलेलं! साऱ्या जगात नव्हतं घेतलेलं! कोण घेणार?

मी हातापाया पडलो. मोहर म्हणाली, 'निरुपमदा, तात्पुरतं आहे हो! चांगलं सुचलं की बदलू', आणि एन्टर! साचा लगेच पुढच्या प्रश्नावर, हे लोकांना कुठल्या अटीवर देणार? एक अट अशी की कुणीही घ्या, काहीही करा. दुसरी अशी की घ्या, पण त्यात भर घातलीत तर तीही सगळ्यांना फुकट वाटली पाहिजे. झालं, आमच्याकडे विचारायची गोष्ट आहे का ही? गौरांगदा टेबलावर चढायचेच बाकी होते, 'जे जनतेचं ते जनतेचंच राहिलं पाहिजे!' हिशेब विभाग म्हणतो, 'याच अटींनी कारखाने बंद पाडले तुम्ही लाल बावटेवाल्यांनी!' संध्याकाळ त्यात गेली. आणि शेवटी साचा थांबला, धडाधड फाईली पडल्या, चाळीसेक तरी! चाचण्यांची फाईल, नियमांची फाईल, आल्यागेल्याने कसं वागावं याची फाईल... मी म्हटलं, आणि माझा प्रोग्रॅम कुठाय? तर मोहर म्हणते, 'तो तुम्ही घालायचा.' म्हणजे लग्नाचा मांडव, सनई, जेवणावळ सगळं साच्याने केलं, नवरदेव तेवढा आपण आणायचा! अहो, मला फक्त पाणी किती वाजता येतं एवढंच सांगायचं होतं!

पण मोहर गुणी हो. पूजेचे फोटो तिने बाहेर काढले, आकडे आत ठेवले, बिघडलं तर लगेच कळावं म्हणून चाचण्या लिहिल्या, आणि एका ओळीत बसेल असं करून दाखवलं. परीक्षकाच्या संगणकावर चाललं! लेख घेतला! छापून आला! बिजोयादींनी सगळ्यांना रसगुल्ले दिले. मी लेख उघडला, माझं नाव, चांगलं नाव, वर ठळक. आणि खाली, 'या कामासाठी लेखकाने गाबलू वापरला.'

मी धावत मोहरकडे. बदल म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदल! ती खाली बघून म्हणाली, 'निरुपमदा, आता नाही बदलता येणार. लोकांनी घेतलंय.' लोकांनी? कुठल्या लोकांनी? तर ज्या ज्या देशात नदीला असा बान येतो, तिथल्या लोकांनी! आणि पत्रं यायला लागली. ब्राझीलमधल्या बाई लिहितात, 'गाबलू फार गुणी आहे, फक्त जरा हळू चालतो.' इंग्लंडचे एक आजोबा, 'आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तेव्हापासून गाबलू रोज तासभर मागे पडतो.' चीनमधला एक मुलगा, 'गाबलू एकदा काढून परत घातला, आता बरा आहे.' आणि हे सगळं मोहर भर बैठकीत वाचून दाखवते, आणि बिजोयादी विचारतात, 'गाबलू मागे पडतो त्याचं काय केलंत, पाकडाशी?' आणि मला उभं राहून उत्तर द्यावं लागतं!

जगद्धात्री पूजेला चंदननगरला गेलो तो असा तणतणतच. म्हटलं, बघतोच हिला. पिशी मैद्याच्या पुऱ्या, म्हणजे आमची लुची, तळत होती. मी सुरू केलं, 'तुझ्या एका फोनमुळे, पिशी, एका फोनमुळे! ब्राझीलमध्ये मला गाबलू म्हणतात! चीनमध्ये गाबलू म्हणतात! विलायतेत गाबलू म्हणतात!' मला वाटलं, हसेल. नाहीतर उलट मलाच झापेल. तिने झारा खाली ठेवला.

'ओळख ना पाळख, ती माणसं सुद्धा?'

'ती सुद्धा!'

'अरे, ते नाव मी घरात हाक मारायला ठेवलं होतं रे,' ती म्हणाली. 'असं जगाला वाटून टाकायला नाही.'

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आई गेली, बाबा गेले, मोठे काका गेले. मला त्या नावाने हाक मारणारं या जगात एकच माणूस उरलं होतं. आणि मी आयुष्यभर त्या माणसाला लपवत होतो! फार वाईट वाटलं हो. आणि त्यानंतर दोन दिवस पिशी मला काय म्हणाली असेल? 'निरुपम, लुची वाढू? निरुपम, मूर्ती बघायला जायचं ना?' निरुपम! जसा काही मी वीज मंडळातून आलोय! बान कधी आहे, तेही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी नमस्कार केला, पिशवी घेतली, गल्लीच्या तोंडाशी पोचलो असेन नसेन, आणि मागून तिचा तो आवाज, चंदननगर ते कोलकाता पोचणारा, तिने मला हाक मारली. नव्या नावाने. दोन रात्री विचार करून नवं ठेवलं होतं तिने. 'ते आता त्यांना राहू दे,' म्हणाली, 'हे तुझं. आणि पाणी किती वाजता ते सांगून जा!'

आता तुम्ही विचारणार, नवं नाव काय. नाही सांगणार. इथे बसलेल्यांत कुणाच्या तरी मांडीवर लॅपटॉप असणारच. एवढंच सांगतो की गाबलू परवडला असं आहे, भर गल्लीत, अख्ख्या मांडवासमोर मारलीन हाक... आणि मी, या वयात, चष्म्यासकट, पहिल्याच हाकेला 'आलो' म्हणालो.