रकाना सात : पूर्वइतिहास

कुणीतरी मुद्दाम केलंय हे! नाव घेत नाही मी कुणाचं, पण ज्यानं केलंय त्याला बरोबर ठाऊक आहे... आमच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेचं मासिक पत्रक निघतं, त्यात शेवटच्या पानावर 'कर्मचारी वार्ता'. कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, कुणाला मुलगी झाली. दोन वर्षं झाली मला इथे, दोन वर्षं! माझी ओळख दर वेळी 'जागेअभावी पुढील अंकी'. आणि या महिन्यात कोण आलंय, सांगा? नवा फ्रीजर! फोटोसकट! खाली काय लिहिलंय, 'आपल्या परिवारात हार्दिक स्वागत'! आता हे सांगायचं कुणाला? म्हणून तुम्हाला सांगते.

जनावर मेलं की डॉक्टर लोक यकृताचा, मूत्रपिंडाचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत घालून पाठवतात, मी त्याचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघते आणि कशानं मेलं ते कळवते. विभाग तळमजल्यावर, पार टोकाला. विभागात माणसं किती? मी. प्रमुख मी, मदतनीस मी, बाटल्या धुणारी मी! आई फोनवर विचारते, "आज कुणाशी बोललीस का गं?" मी म्हणते, "एक म्हैस होती, दोन शेळ्या." आई म्हणते, "मग? काय म्हणाल्या?" तेच तर! काहीच म्हणत नाहीत! म्हणून तर बाटलीसोबत येणाऱ्या अर्जावर सातवा रकाना आहे, पूर्वइतिहास. किती दिवस आजारी होती, खात होती का, ताप होता का... आणि आमची डॉक्टर मंडळी तिथे काय लिहितात? 'मेली.' अहो, ते कळलं मला, बाटलीत आहे ती!

तर मी ठरवलं, शिकवायचं! एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं! साहेबांकडे गेले. साहेब चष्मा पुसत, "कल्पना उत्तम... पण लोक बसतील का? असं करू. शेवटपर्यंत दहाजण बसले, तर तुझं काम वाढलंय असं दाखवून तुला मदतीला एक माणूस मागतो वरून." एक माणूस! तुम्हाला कळतंय ना? समोरच्या टेबलाशी एक जिवंत माणूस, ज्याला म्हणता येईल, 'अगं, हे बघ काय सापडलं!' गेल्या महिन्यात इतकी सुरेख बुरशी सापडली होती मला, जाळीदार, अगदी भरतकामासारखी... आणि दाखवायचं कुणाला? सांगायचं कुणाला?

मग निमंत्रणं. ज्यांना खरी गरज त्यांनाच बोलवायचं, बरोबर की नाही? ज्या ज्या अहवालावर मी 'नमुना तपासणीयोग्य नाही' असा शेरा मारला होता, त्या प्रत्येकाला टाचणीनं निमंत्रण जोडलं. मला वाटलं, काय डोकं चालवलं! लोकांना वाटलं, चौकशीला बोलावलंय!

आले एकोणीस. चेहरे असे, की मीच त्यांची म्हैस मारली. पहिल्या रांगेतले एक जाडजूड डॉक्टर उठलेच, "मॅडम, माझी बाटली का नाकारली ते आधी सांगा!" म्हटलं, "अहो, अरुंद तोंडाच्या बाटलीत तुम्ही मऊ यकृत कोंबलंत, आत ते फॉर्मालिननं घट्ट झालं, आता बाहेर येईना. मी काय बाटली तपासू?" तर म्हणतात, "आम्हाला घालता आलं. तुम्हाला काढता येत नाही, यात आमचा काय दोष?" सगळे हसले. मीही हसले... खरं सांगू? बरं वाटलं. एवढ्या लोकांत कित्येक दिवसांत हसले नव्हते.

पण हेडक्लार्क! त्यांनी हजेरीचा कागद कधी फिरवावा? सुरुवातीलाच! वर जाहीर केलं, "सही झाली, गुण मिळाले, नोंदणीच्या नूतनीकरणाला चालतील!" झालं. चहापर्यंत सगळे होते. चहानंतर एकाचा फोन वाजला, "गाय अडलीये, निघतो." मग दुसऱ्याची अडली, तिसऱ्याची अडली... दहा मिनिटांत अकरा गाई अडल्या! साथच म्हणा ना! मी बोलतेय, बोलतेय, खुर्च्या मोजतेय, आठ, पाच, दोन... साहेब दारातून डोकावले, मान हलवली, गेले. गेला माझा माणूस! आणि मी अजून रकाना सातवर पोचलेच नव्हते, आता ते सांगायचं कुणाला?

पण तिसऱ्या रांगेत एक म्हातारे डॉक्टर बसून होते. हलले नाहीत! मी म्हटलं, एक तर एक! अख्खा रकाना सात त्यांना सांगितला, ती बुरशीही दाखवली पडद्यावर, ते आपले "वा... वा..." करतायत. कसा हुरूप आला म्हणता! सगळं संपलं, दिवे लावले, तरी बसलेले. मी जवळ गेले. म्हटलं, "डॉक्टर, झालं हो. काही शंका होती का?"

त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाले, "छे छे, शंका कसली? बोला तुम्ही, काहीही बोला. माझी बस साडेसहाला आहे."