हातभर जागा

मुलगी : पण बाबा, त्या बाई आहेत कुठे? त्यांच्यासाठी कप आणलाय मी.

वडील : गेल्या असतील कुठेतरी. तू बस आधी. अगं, तिथे नको! चार लाख वर्षांचे दगड आहेत ते.

मुलगी : संग्रहालयाच्या तळघरात दुसरं असणार काय! अजून तेच जुळवताय?

वडील : तेच. आदिमानवाने हत्यार घडवताना उडालेल्या कपच्या. एकेक जागेवर चिकटवत गेलं, की मूळ गोटा उभा राहतो. मग कळतं, त्याने कुठला घाव कधी घातला.

मुलगी : आतले सांधे सुरेख जमलेत. बाहेरचे मात्र... डिंक बघा कसा ओघळलाय.

वडील : ते बाईंचं काम. शिकतायत अजून.

मुलगी : वर्षभर? दर रविवारी फोनवर ऐकते. बाईंनी चहा केला, बाई आणि मी एकत्र जेवलो.

वडील : गंमत म्हणजे या गोट्यावरही तसंच आहे. आधीचे घाव सरावलेल्या हाताचे. नंतरचे वाकडे, उलट बाजूने आलेले. म्हणजे एकाने सुरू केलं आणि शेजारच्या शिकाऊला दिलं. नवे साहेब म्हणतात, एकटाच होता. आज कार्ड लिहून द्यायचंय. मी ‘माणसं : दोन’ असंच लिहिणार.

मुलगी : कपच्या सापडल्या कशा?

वडील : दोन ढिगांत. एक उजवीकडे, एक डावीकडे.

मुलगी : मधे जागा किती?

वडील : हातभर.

मुलगी : हातभर जागेत दोघं बसतील?

वडील : खेटून बसले असतील. थंडी असेल.

मुलगी : बाबा, उजवा हात खिशातून काढा.

वडील : असू दे गं.

मुलगी : आल्यापासून बघतेय, सगळं डाव्या हाताने चाललंय. काढा बरं.

(तो हात काढून टेबलावर ठेवतो. कपच्या किणकिणू लागतात.)

मुलगी : कधीपासून?

वडील : झालं वर्ष.

मुलगी : बाई आल्या तेव्हापासून.

वडील : हो. तेव्हापासूनच.

मुलगी : इथे खुर्चीसुद्धा एकच आहे. का थापा मारल्यात मला?

वडील : तुझी आई गेल्यावर तू दर फोनला विचारायचीस, एकटेच आहात का? मी ‘हो’ म्हटलं की गप्प व्हायचीस. ते मला सोसेना. एकदा तोंडातून निघून गेलं, बाई आल्यात. इतकी खूश झालीस तू! मग दर फोनला त्यांना काही ना काही काम द्यावं लागलं.

मुलगी : बाबा...

वडील : वाकडे घावही त्याचेच आहेत गं. उजवा हात गेला असणार, म्हणून डाव्याने करत बसला. मी जुळवलेले सांधे बिघडायला लागले तेव्हाच मी ओळखलं. पण ‘एक’ लिहायला मन धजेना.

मुलगी : द्या ते कार्ड. मी लिहिते.

वडील : लिही. माणसं : एक. आणि खाली लिही, हत्यार पुरं केलं.

मुलगी : कशावरून?

वडील : गोट्याच्या मधे बघ, हत्याराएवढी पोकळी राहिलीय. घेऊन गेला तो.

मुलगी : कुणाला तरी दाखवलं असेल ना?

वडील : ते दगडावरून कळत नाही.

मुलगी : ...माझी सहाची गाडी आहे. हा कप परत नेऊ?

वडील : राहू दे. पुन्हा कधी आलीस, तर लागेल.