आईची टॅक्सी चौकात शिरते

मुलगी: ...आता तो पांढऱ्या गाडीवाला काच खाली करून बघतोय, बाबा. तोंड असं केलंय, जसं काही आपण त्याच्या ताटात येऊन बसलोय.

बाबा: बघू दे. आई काय करतेय?

आई: आई इथंच आहे, तुमच्या शेजारी. मलाच विचारा की.

बाबा: बरं. काय करतेयस?

आई: स्टिअरिंग धरून बसलेय.

बाबा: तेवढं दिव्याचा खांबसुद्धा करेल. क्लच सोड, हळूहळू. सिग्नल सुटलाय ना गं, रेडिओ?

मुलगी: सुटलाय. पण मागचा त्याच्या आधीपासूनच हॉर्न मारतोय. दिवा हिरवा होणार हे याला आधीच कसं कळतं? बटण याच्या घरी आहे का?

आई: निघाले. निघाले बाई एकदाची. एवढं कुठं जायचंय या सगळ्यांना?

बाबा: घरी जाऊन टीव्हीसमोर पडायचंय. दुसरा गिअर टाक. ती मागतेय दुसरा, ऐक तिचा आवाज.

आई: मला सगळ्याच गाड्यांचे आवाज येतायत. त्यात आपला कुठला, ते कळत नाही.

बाबा: मी झोपेतसुद्धा ओळखेन हिला. आता तर काय, झोपेत आणि जागेपणी सारखंच दिसतं.

आई: असं बोलू नका हो.

बाबा: मी कुठं बोलतोय, डॉक्टर बोलले. दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसत राहील म्हणाले, आणि यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. म्हणून तर आज मी इकडच्या सीटवर. रेडिओ, पुढे काय आहे?

मुलगी: पुढे एक बाई. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं हातवारे. गाडी कोण चालवतंय, ते इथून दिसत नाही. तिच्या पुढे एक लाल गाडी आहे, ती वळणार आहे पण सांगणार नाही. वळली. नाही सांगितलं.

बाबा: दिवा नाही दिला?

मुलगी: यांच्या गाड्यांना ते दिवे शोभेचे असतात, बाबा. पेटवले तर झिजतील.

आई: तुला मागं बसून विनोद सुचतायत. माझी पाठ बघ, निथळतेय.

मुलगी: मी मजा नाही करत, मी ड्यूटीवर आहे. बाबांनी विचारलं की सांगायचं.

आई: मग त्यांना हेही सांग, की मागच्या काचेवर तू तो कागद चिकटवल्यापासून सगळे जास्तच जवळ येतायत.

बाबा: कसला कागद?

मुलगी: ‘नवीन चालक, कृपया सांभाळून घ्या.’ मोठ्या अक्षरांत, दोन रंगांत.

बाबा: झालं. हे म्हणजे पाठीवर ‘मला ढकला’ लिहून फिरण्यासारखं आहे.

आई: काल ते लायसन्स हातात पडलं, तेव्हा मलाच वाटलं होतं, जमलं बाई. पण ते मैदान होतं हो. तिथं नुसते खांब होते. खांब हॉर्न मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, वळणावर आडवे येत नाहीत.

बाबा: वळणावर काय आहे?

मुलगी: टेम्पो. बरोबर वळणावरच उभा केलाय, आणि आत कुणी नाही. दिवे मात्र लुकलुकतायत, म्हणजे माफ. ते चालू असले की कुठंही थांबलं तरी चालतं, असा काहीतरी नियम असणार यांच्यात.

बाबा: वळसा घाल त्याला. आधी आरसा बघ.

आई: आरशात मागच्याचा बंपर दिसतोय. दुसरं काहीच नाही. आणि समोरून हा कोण आला? अहो, हा उलटा आलाय. उलट्या दिशेनं आलाय आणि माझ्यावरच हात उगारतोय.

मुलगी: काका, तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. काका, तुम्ही... काय म्हणाला ते मी सांगणार नाही, बाबा.

बाबा: मला ऐकू येतं. डोळे गेलेत, कान नाही. काच वर कर. तू चल पुढे.

आई: पुढे पांढरे पट्टे आहेत. एक बाई उभी आहे, बाबागाडी घेऊन. मी थांबतेय.

बाबा: मागे किती जवळ आहे?

आई: असू दे किती का जवळ. बाळ आहे तिच्याबरोबर. जा हो ताई, जा तुम्ही.

मुलगी: उतरली ती. आई, मागचा बाजूनं काढतोय. आई, तो थांबत नाहीये.

आई: अहो. अहो, ताई, मागं व्हा.

बाबा: काय झालं? बोला कुणीतरी. लागलं का?

मुलगी: नाही. ओढली तिनं बाबागाडी मागं. चाक फुटपाथच्या कडेवर आपटलं, बाळ रडतंय. तो गेला सुद्धा. ब्रेकला पाय नाही लावला त्यानं.

आई: ती माझ्याकडे बघतेय. माझ्याकडेच. जसं काही मीच तिला खड्ड्यात उतरवलं.

बाबा: तू थांबलीस, यात तुझी काय चूक?

आई: मी थांबले म्हणून तर ती उतरली ना. मी थांबलेच नसते, तर ती तिथंच उभी राहिली असती. सुखरूप. हे असलं कसं हो, की चांगलं वागलं तरी माणूस मरायचा?

बाबा: चल. मागे परत सुरू झाले. चौक जवळ आला असेल.

आई: आपण इथूनच परत फिरू या का?

बाबा: फिरू. आणि उद्या सकाळी आठ वाजता आपल्या टॅक्सीनं रोज जाणाऱ्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहतील, त्यांना काय सांगायचं? ‘वहिनींना जमणार असेल तर मी दुसरी टॅक्सी बघत नाही’, असं म्हणाल्यात त्या. त्यांच्या हॉस्पिटलला जायला हाच एक रस्ता आहे, या चौकातून.

आई: आणि नाही जमलं तर?

बाबा: तर गॅरेजवाल्याला चावी द्यायची. त्याला गाडी विकायचा शब्द दिलाय मी. उद्या संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जाईल.

मुलगी: नाही द्यायची. मी चाकांतली हवा सोडेन.

बाबा: त्याच्याकडे हवेचा पंप आहे, राणी. गॅरेज आहे त्याचं.

मुलगी: आला चौक. बाबा, आपण तोंडाशीच उभे आहोत. मधे ते गोल, आणि भोवती गाड्या फिरतायत, नुसत्या फिरतायत, फट म्हणून नाही.

बाबा: फट कधीच नसते. तू वाट बघू नकोस.

आई: आतल्यांना आधी जाऊ द्यायचं असतं. परीक्षेत हाच प्रश्न होता, मी बरोबर लिहिला होता.

बाबा: तू लिहिलास. त्यांनी लिहिला नव्हता.

आई: ही निळी जाऊ दे. हिच्यानंतर. ही पण जाऊ दे. अहो, हा मागचा माझ्या पुढं घुसला. माझ्या मागं होता तो.

मुलगी: दुसरापण घुसला. आणि ती मोटारसायकल तर फुटपाथवरून आली. फुटपाथवर माणसं होती, त्यांनाच हॉर्न मारत आली.

बाबा: किती वेळ झाला आपण इथं उभे आहोत?

मुलगी: खूप. त्या कोपऱ्यावरचा फुलवाला आता आपल्याला ओळखायला लागलाय. मघाशी हात केला त्यानं.

आई: मला नाही जमणार हो.

बाबा: जमेल.

आई: नाही जमणार. मला गाडी येते. गिअर येतात, ब्रेक येतो, मागं घेता येते. मला ही माणसं येत नाहीत. इतकी वर्षं मी याच चौकातून चालत कामाला गेले. त्या पट्ट्यांवर उभी राहायचे, एक पाय खाली, एक पाय वर. एक माणूस थांबायचा नाही. एकदा पावसात एकानं मला गुडघ्यापर्यंत चिखलानं रंगवलं, आणि पुढं जाऊन हसला. तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, आपल्या हातात कधी गाडी आली तर आपण थांबायचं. बस्स, एवढंच.

बाबा: थांब ना. कोण नको म्हणतंय? पण मग इथंच थांबावं लागेल. रोज. आणि बाई मागच्या सीटवर घड्याळ बघत बसतील.

आई: तुम्हीपण असेच चालवायचात?

बाबा: नाही चालवलं, तर घरी भाकरी कुठून आली असती? पहिले काही दिवस मीपण इथं असाच उभा राहायचो. मग एक दिवस प्रवासी मधेच उतरून चालत निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून नाही थांबलो. त्यात शहाणपण नाही, पण दुसरा मार्गही नाही.

मुलगी: बाबा, मागचा उतरून येतोय आपल्याकडे.

आई: आता हा काय करणार?

मुलगी: काचेवर मारतोय. काच नको खाली करूस, आई.

आई: रडायचं नाही ठरवलं होतं मी. थू माझ्यावर.

बाबा: रडत रडत चालवता येतं. ऐक माझं. पहिला टाक. हॉर्नवर हात ठेव, आणि उचलूच नकोस. आता गाडीचं नाक घाल.

आई: जागाच नाही.

बाबा: नाक घातलं की होते. घाल.

मुलगी: आई, कडेनं एक सायकल येतेय. म्हातारे आजोबा आहेत. तुझ्या बाजूनं, आई.

बाबा: रेडिओ, जरा गप्प. तू फक्त समोर बघ. फक्त समोर. दाब.

आई: दाबतेय.

मुलगी: आई, आजोबा...

बाबा: दाब. सोडू नकोस. आता सोडलंस तर पुन्हा तासभर इथंच.

आई: शिरले. अहो, शिरले मी. आत आहे मी.

(मुलगी मागच्या काचेतून बघतेय. सायकल रस्त्यात आडवी पडलीय, म्हातारा तिच्याजवळ कोपर धरून बसलाय. गाड्या हॉर्न देत त्याला वळसा घालून जातायत.)

बाबा: शाब्बास. आता दुसरा. ऐकलंस? कशी गातेय बघ ती.

आई: आला मला आवाज. आपलाच आहे ना हा? आणि हात बघा माझे. तुम्हाला नाही दिसणार, पण थरथरत नाहीयेत. त्या पांढऱ्यानं मला जागा दिली हो. घाबरला मला.

बाबा: घाबरणारच. उद्या बाई आल्या की मी स्वतः दार उघडून म्हणणार, बसा, वहिनी नेतील तुम्हाला. गॅरेजवाल्याला आजच कळवून टाकू.

आई: मी हसतेय की रडतेय, मलाच कळेना. मागं काही वाजलं का हो मघाशी?

बाबा: मागं वाजतच असतं. आता आणखी एक फेरी मार, म्हणजे पक्कं होईल.

मुलगी: नको.

बाबा: का गं?

मुलगी: आज नको, बाबा. याच वळणानं बाहेर पडू या. घरी जाऊ.

आई: ही बघा, मी आत्ता कुठं शिकले आणि ही दमली. काय गं, रेडिओ बंद पडला का? रडतेस?

मुलगी: नाही. आनंदानं.

आई: वेडाबाई. आणि ते सायकलवाले कोण म्हणत होतीस? गेले ना नीट?

मुलगी: हो.

आई: मला तर दिसलेच नाहीत. कुठं होते?

मुलगी: कडेला. ते थांबले, आई. आपल्याला जाऊ दिलं त्यांनी.

आई: ऐकलंत का हो? थांबलं कुणीतरी.